रेल्वेवेड्यांचे वाचन आणि आमची मराठी

एखाद्या गृहस्थास सतारीचा नाद असला तर आपण त्यास रसिक म्हणतो. जुनी हस्तलिखिते धुंडाळण्याचा असला तर व्यासंगी म्हणतो. आणि आगगाड्यांचा असला तर मात्र वेडा म्हणून मोकळे होतो. छंद, नाद, व्यासंग, वेड ह्या शब्दांची मराठीत एक उतरंड आहे आणि तीत कोणास कोठे बसवायचे हे त्या माणसाच्या ज्ञानावरून ठरत नाही, ज्ञानाच्या विषयावरून ठरते. मराठी विभागांत बसून आम्ही ही उतरंड वर्षानुवर्षे सांभाळीत आलो आहोत. फलाटाच्या टोकाशी वही घेऊन उभा राहणारा, इंजिनांचे क्रमांक टिपणारा, नव्या द्रुतगती मार्गाच्या आखणीवरून तासन् तास वाद घालणारा, घराच्या माळ्यावर रुळांचे लहानगे जाळे मांडून बसणारा मनुष्य साहित्याच्या अभ्यासकास बालिश वाटतो. आमचे म्हणणे असे की हा मनुष्य एक वाचक आहे, बऱ्यापैकी कसलेला वाचक आहे, आणि त्याच्याशी मराठीने बोलणे थांबविल्यामुळे मराठीचेच नुकसान झाले आहे.

तो काय वाचतो ते आधी पाहू. जुन्या विद्युत इंजिनांच्या अंगावर 'डब्ल्यूसीएम', 'डब्ल्यूसीजी' अशी अक्षरे असत. पहिले अक्षर रुळांच्या रुंदीचे, म्हणजे येथे ब्रॉडगेजचे. दुसरे विद्युतप्रवाहाचा प्रकार सांगणारे, येथे एकदिश प्रवाह. तिसरे कामाचे, मालगाडी ओढणार की दोन्ही प्रकारची कामे करणार ह्याचे. धातू, उपसर्ग, प्रत्यय अशी फोड करून शब्द उलगडणाऱ्यास ह्यात नवल वाटू नये. ह्यांपैकी 'डब्ल्यूसीजी-१' हे घाटातील मालगाड्यांचे इंजिन १९२० च्या दशकाच्या अखेरीस जी.आय.पी. रेल्वेने आणले. मधोमध खोली आणि दोन्ही बाजूंना लांब नाकाडे अशी त्याची घडण. ह्याच कुळातील इंजिनास स्विस लोक 'मगर' म्हणत. आपल्याकडील रेल्वे कामगारांनी त्यास नाव दिले 'खेकडा'. त्याच्या आकारामुळे म्हणा, चालताना ते ज्या रीतीने डुले आणि कण्हे त्यामुळे म्हणा; पण एकच यंत्र आल्प्समध्ये मगर होते आणि बोरघाटात खेकडा होते, ही गोष्ट शैलीविज्ञानाच्या तासाला सांगण्याजोगी आहे. आम्हांस ती कोणा भाषाशास्त्रज्ञाने सांगितलेली नाही. ती जपली रेल्वेवेड्यांनी.

त्याहून मोलाचे वाचन वेळापत्रकाचे. सामान्य प्रवासी वेळापत्रकात आपली एक ओळ पाहतो. वेडा सगळे पान एकदम पाहतो. रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत पूर्वी एक तक्ता पेन्सिलीने रेखला जाई. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानके, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. रेघ आडवी झाली की गाडी थांबलेली. फ्रान्समध्ये मारे ह्या शास्त्रज्ञाने १८७८ च्या आपल्या ग्रंथात पॅरिस–लिओं मार्गाचा असा आलेख छापला तेव्हापासून तो प्रसिद्ध आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन रेघा एकमेकींस छेदायच्या तर त्या स्थानकाच्या आडव्या रेषेवरच छेदल्या पाहिजेत, मध्ये कोठेही नाही. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग आजही एकेरी आहे. गणपतीस जाणारा चाकरमानी कुठल्याशा लहान स्थानकावर अर्धा तास अडकून 'क्रॉसिंग आहे' असे म्हणत चहा शोधतो, तो ह्या तक्त्यातल्या एका छेदनबिंदूवर उभा असतो. बाख्तिनने कादंबरीतील कालावकाशाची जी एकजीव संकल्पना मांडली ती वर्गात समजावताना आमची दमछाक होते. हा तक्ता फळ्यावर काढला तर निम्मे काम होईल असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

वाङ्मयात ह्या वाचनाची खूण कोठे दिसते? मराठी गद्याचा जीव एस.टी.त अधिक रमला हे खरे. पु. लं.ची 'म्हैस' एस.टी.समोरच आडवी येते. त्यांनीच 'काही अप् काही डाऊन' लिहून रेल्वेचेही देणे फेडले. पण तेथेही लक्ष माणसांच्या तऱ्हांवर आहे, आणि ते योग्यच आहे. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'चा (१९७६) शेवट मात्र रेल्वेस्थानकावर होतो. देवळे मागे पडल्यावर कवी येऊन ठेपतो तो गाडीचा पत्ता नसलेल्या फलाटावर, आणि तेथील स्टेशनमास्तराचा पंथ असा की तो वेळापत्रकाकडे धर्मग्रंथासारखे पाहतो, नव्या वेळापत्रकाचा अर्थ पहिल्यावहिल्या वेळापत्रकाच्या आधाराने लावतो. ह्या कवितेची समीक्षा श्रद्धा आणि संशय ह्या अंगाने पुष्कळ झाली. आमची एक शंका अशी की कोलटकरांनी येथे थट्टा केवळ धर्माची केलेली नाही, भाष्यपरंपरेचीही केली आहे. आणि ती ज्यास पुरती कळेल असा वाचक म्हणजे जुन्या वेळापत्रकांच्या आवृत्त्या ताडून पाहणारा रेल्वेवेडा. असो.

आता ज्या प्रश्नावर आमचा खरा जीव अडकला आहे त्याकडे वळतो.

लोखंडी रस्ता ह्या देशात आला तेव्हा मराठी त्याच्याशी बोलत होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' प्रसिद्ध झाले. १८६३ मध्ये गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' लिहिले तेव्हा गोद्या, गिरण्या, टाकसाळ ह्यांच्याबरोबर आगगाडीही त्यांच्या लेखणीच्या कक्षेत होती. ह्या मंडळींना यंत्राचे भय नव्हते आणि यंत्राविषयी मराठीत लिहिणे हे हलके काम आहे असेही वाटत नव्हते. 'आगगाडी' हा शब्दच पाहा. किती थेट, किती डोळस. (आज विजेवर धावणाऱ्या गाडीत आग उरलेली नाही, तरी शब्द उरला आहे, शब्दांचे असेच असते.)

त्यानंतर काय घडले? मराठीने रेल्वे सोडली असे नव्हे. उलट तिने प्रवाशाच्या अनुभवाचा कोश भरभरून वाढविला. खच्चून भरणे, लोंबकळणे, चेंगरणे, घुसणे, रेटारेटी, चौथी सीट, दारातली जागा, उलटे बसून येणे – डोंबिवलीच्या वा विरारच्या माणसास ह्यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. वाक्प्रचारांतही ती आली: गाडी रुळावर येते, योजना साइडिंगला पडते, मंत्री हिरवा कंदील दाखवितात. परंतु ही गर्दी का होते, दर तीन-चार मिनिटांनी एक गाडी सोडण्यापलीकडे मजल का जात नाही, शेवटच्या स्थानकात गाडी उलट फिरविण्यास लागणारा वेळ सगळ्या मार्गाची क्षमता कशी ठरवितो, जलद आणि धिम्या मार्गिका एकमेकींस ओलांडतात तेथे काय गमावले जाते, हे सांगायची वेळ आली की मराठी गप्प होते आणि इंग्रजी सुरू होते. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात. ह्या अवस्थेस रेल्वेने एक अधिकृत इंग्रजी नाव दिले आहे: 'सुपर डेन्स क्रश लोड'. भोगणे मराठीत आणि मोजणे इंग्रजीत, अशी ही वाटणी आहे. ज्याच्या भाषेत मोजमाप नाही त्याच्या तक्रारीस कार्यालयात तक्रार म्हणत नाहीत, गाऱ्हाणे म्हणतात.

रेल्वेवेडा नेमका ह्या दोहोंच्या सांध्यावर उभा असतो. तो स्वतः त्याच गर्दीतून आलेला असतो आणि त्यास त्या गर्दीचे गणितही येते. दुर्दैव एवढेच की तो आपले सारे लेखन इंग्रजीत करतो. घरी आईशी मराठीत बोलणारा, कर्जतच्या वड्यावर जीव असणारा तरुण घाटातील चढाविषयी लिहावयास बसला की त्याचे वाक्य आपोआप इंग्रजी होते. सदतीस फूट पुढे गेल्यावर एक फूट वर चढायचे, इतका तो चढ. म्हणूनच कर्जतला गाडीच्या पाठीशी ढकलणारी इंजिने, 'बँकर', लागतात. ह्यात मराठीत न सांगता येण्यासारखे काय आहे? आम्ही वरच्या वाक्यात सांगितलेच. त्याला मराठीत लिही असे कोणी म्हटले नाही, कारण म्हणण्याचे काम आमचे होते.

ह्या मौनाची किंमत काय, ते मुंबई–अहमदाबाद मार्गाच्या वादात दिसले. 'बुलेट ट्रेन' हा शब्द आला आणि वाद तेथेच बिघडला. जपानी लोक आपल्या ह्या व्यवस्थेस 'शिन्कान्सेन' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'नवी मुख्य मार्गिका' एवढाच आहे. नावात गोळी नाही, वेगही नाही. आहे तो मार्ग. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो–ओसाका दरम्यान ती सुरू झाली त्याचे एक मोठे कारण हे की जुन्या अरुंद मार्गावर गाड्या मावेनाशा झाल्या होत्या. लांब पल्ल्याची वेगवान वाहतूक नव्या मार्गावर नेली की जुन्या मार्गावर स्थानिक गाड्यांना आणि मालगाड्यांना अवकाश मिळतो, हा त्यातील विचार. 'बंदुकीची गोळी' हे नाव तेथे युद्धपूर्व काळातील एका अपुऱ्या राहिलेल्या योजनेला चिकटलेले. आपण नेमके तेच उचलले. परिणाम असा की आपल्याकडे एक पक्ष वेगाचा अभिमान बाळगू लागला, दुसरा 'कोणासाठी हा वेग' असे विचारू लागला, आणि क्षमतेचा प्रश्न कोणीच विचारला नाही. एका उचललेल्या शब्दाने सार्वजनिक चर्चा कशी वळविली जाते ह्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस अलीकडच्या काळात सापडलेले नाही.

ह्याच काळात रेल्वेवेडे काय बोलत होते? रुळांच्या रुंदीवर भांडत होते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. नवा मार्ग १,४३५ चा. म्हणजे नवी गाडी जुन्या मार्गावर जाऊ शकत नाही आणि जुनी नव्यावर येऊ शकत नाही. फ्रान्सची द्रुतगती गाडी नवा मार्ग संपला की जुन्या रुळांवरून पुढे गावोगाव जाते, कारण दोहोंची रुंदी एकच. स्पेनचे जुने रूळ आपल्यासारखेच रुंद. त्यांनी १९९२ चा माद्रिद–सेव्हिया मार्ग १,४३५ चा केला, परंतु चाकांचे अंतर बदलू शकणाऱ्या गाड्या वापरून जुन्या-नव्याची सांगडही घातली. दिल्ली मेट्रोचे पहिले मार्ग ब्रॉडगेज आहेत, पुढचे नाहीत. त्या वेळीही हाच वाद झाला होता. वरवर हा कीस काढण्याचा प्रकार. प्रत्यक्षात हा राजकीय प्रश्न आहे: ५०८ किलोमीटर लांबीचा, बारा स्थानकांचा हा मार्ग उरलेल्या देशाशी जोडलेला असावा की स्वतंत्र बेट असावे? वृत्तपत्रांच्या मराठी अग्रलेखांतून हा प्रश्न ह्या नेमकेपणाने मांडलेला आमच्या पाहण्यात आला नाही.

ठाणे स्थानकाचेच घ्या. ह्या मार्गावर 'ठाणे' नावाचे जे स्थानक आखले आहे ते १८५३ च्या ठाण्यात नाही. ते दिव्याजवळ म्हातर्डीला आहे. दिवा म्हणजे कोणते गाव हे मध्य रेल्वेच्या प्रवाशास सांगावयास नको. सकाळी आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते असे ते गाव. ९ जून २०२५ रोजी दिवा–मुंब्रा दरम्यानच्या वळणावर एकमेकींस ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यांतील किमान चौघे दगावले. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये, अनेक वर्षांच्या रखडीनंतर, सुरू झाली होती. तरी हे घडले. मुंबईच्या रेल्वेमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. आणि २०१७ सालची ती दोन तारखांची जोडी आम्ही विसरू शकत नाही: १४ सप्टेंबरला अहमदाबादेत द्रुतगती मार्गाची पायाभरणी, २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस मृत्यू. ह्या जोडीतून तेव्हा जो संताप निघाला तो खरा होता. पण 'पैसा इकडे की तिकडे' ह्यापलीकडे तो मराठीत पोचला नाही. जिन्याची रुंदी, एका मिनिटात फलाटावर उतरणारी माणसे आणि त्यांना बाहेर पडण्यास लागणारा वेळ हे त्रैराशिक त्या संतापाच्या हाती असते तर त्याला उत्तर देणे भाग पडले असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की आम्ही रेल्वेवेड्यांची भाटगिरी चालविली आहे. तसे नाही. त्यांच्या वाचनात एक मोठी पोकळी आहे आणि ती साहित्याच्या माणसास चटकन दिसते. त्यांना यंत्र दिसते, त्याच्यातला माणूस दिसत नाही. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. अभियंता बर्कलेचे नाव त्यांना पाठ असते. कंत्राटदार ट्रेडवेल वारल्यावर त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुढे नेले ही हकिगत ते रंगवून सांगतात. पटकीने आणि अपघातांनी त्या घाटात जे हजारो मजूर गेले ते मात्र त्या हकिगतीत 'मनुष्यबळ' म्हणून येतात. वाफेच्या इंजिनाच्या शिटीने ह्यांचा कंठ दाटून येतो, आणि भट्टीसमोर फावड्याने कोळसा लोटणाऱ्या फायरमनचा भाजलेला हात कोणाच्या वहीत नसतो. अलीकडे नव्या डब्यांच्या रंगसंगतीवरून जी चर्चा रंगते तिच्याविषयी न बोललेले बरे.

प्रतिकृतींत ही पोकळी डोळ्यांनी मोजता येते. पुण्यास कोथरुडात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लहानग्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे आणि आमच्या मते ते पुण्याच्या सांस्कृतिक वास्तूंत मोडते. तेथील सिग्नल, सांधे, घाटातील चढ, रात्रीचे दिवे पाहताना प्रौढ माणसाचाही श्वास मंदावतो. त्या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. पण ह्या छंदातील सर्वांत प्रचलित प्रमाणाने, एकास सत्याऐंशी ह्या मापाने, मुंबईची बारा डब्यांची लोकल करून पाहा. गाडी तीन मीटरच्या आत बसेल. माणूस दोन सेंटिमीटरचा होईल. आणि सकाळच्या गर्दीची लोकल खरी करायची तर त्या तीन मीटरांत असे पाच हजारांच्या घरातले पुतळे, त्यांतले कित्येक दाराबाहेर, चिकटवावे लागतील. कोणी चिकटवीत नाही. जगभरच्या प्रतिकृतींत फलाटावर आठ-दहा सभ्य माणसे अंतर राखून उभी असतात. संगणकावर नगरवाहतुकीचे नमुने मांडणाऱ्यांचेही तेच. तेथे माणूस पुतळाही नसतो, एका विभागातून दुसऱ्या विभागात जाणाऱ्या फेऱ्यांच्या संख्येत तो विरघळलेला असतो. नमुना म्हटला की वगळणे आलेच. काय वगळले ते सांगितले पाहिजे, एवढीच समीक्षकाची अपेक्षा, मग नमुना कादंबरीचा असो की मेट्रोचा.

म्हणून आम्हांस वाटते की ही देवघेव दोन्ही बाजूंनी व्हावी. आमच्याकडे दारात लटकणाऱ्याचे शब्द आहेत. त्यांच्याकडे दार का बंद होत नाही ह्याचे उत्तर आहे. पुणे–नाशिक द्रुतगती मार्गाची आखणी नारायणगावनजीक खोडदच्या रेडिओ दुर्बिणीस बाधक ठरते म्हणून बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा जुन्नर, संगमनेर, सिन्नर भागातल्या शेतकऱ्यांना तो मराठीत समजावून सांगणारे चार पानांचे टिपण हवे होते. विजेवर धावणाऱ्या गाडीचा आणि आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींचा संबंध काय? भाटवडेकर असते तर त्यांनी ते लिहिले असते.

मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्यानिमित्त व्याख्याने भरपूर झाली आणि आम्हीही त्यांतली काही दिली. तूर्त आम्ही आमच्या दोन महाविद्यालयांपुरते एक ठरविले आहे. 'उपयोजित मराठी'च्या तासिकांत जाहिरात आणि वृत्तलेखन ह्यांच्या जोडीस एक स्वाध्याय ठेवायचा: कर्जत ते खोपोली ह्या एकेरी मार्गाचे एका दिवसाचे वेळापत्रक घ्यावे, त्याचा तिरक्या रेघांचा तक्ता काढावा, आणि गाड्यांची संख्या का वाढविता येत नाही हे खोपोलीहून रोज कामावर जाणाऱ्या व्यक्तीस उद्देशून तीनशे शब्दांत लिहावे. इंग्रजी शब्द चालतील. 'सिग्नल', 'फलाट', 'मोटरमन' हे आता आपलेच आहेत. वेळापत्रक समजावून देण्यास आम्ही एका रेल्वेवेड्या विद्यार्थ्यास बोलावले आहे. तो विज्ञान शाखेचा आहे आणि मराठीत बोलावे लागेल म्हणून थोडा धास्तावला आहे.